भंडाऱ्याच्या उन्हातला बर्फ

आमच्या भंडाऱ्यात बर्फ तीन ठिकाणी भेटतो. सरबताच्या गाडीवर, मासळीच्या बाजारात, आणि दूरगावच्या मुलाची वाट पाहत एखाद्या घरी मयत ठेवावी लागली तर तिथे. हा सारा कारखान्यातला, लादीचा बर्फ. भुशात गुंडाळून, गोणपाटाखाली झाकून आणलेला. आभाळातून पडणारा बर्फ आमच्याकडे नाही. फार तर फाल्गुन-चैत्रात एखाद्या वर्षी गारा पडतात. मुले पेले घेऊन अंगणात धावतात आणि मोठी माणसे हाताशी आलेल्या पिकाचा विचार करत ओसरीत गप्प उभी राहतात.

शब्दांचेही तसेच आहे. 'हिम' हा शब्द आम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटला. तो संस्कृतातला. 'बर्फ' हा फारसीतून आलेला. आमच्या घरात बर्फ होता, वर्गात हिम होते, आणि दोन्हीपैकी खरे कुणीच पाहिले नव्हते. मिठाईच्या दुकानातली बर्फी तेवढी ओळखीची.

तरीसुद्धा या भंडाऱ्यात अशी एक पिढी आहे, जिने हिमाच्छादित डोंगरावरून फळीवर उभे राहून खाली घसरत येण्यात आपल्या पोरवयातले कितीतरी तास घालवले. तेही मे महिन्यात, नवतप्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, घरघरणाऱ्या कूलरसमोर बसून. मी बोलतो आहे ते टीव्हीवर खेळायच्या स्नोबोर्डिंगच्या व्हिडिओ गेमबद्दल. आज त्या खेळाचा थोडा इतिहास सांगायचा आहे.

कविता लिहिणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कुणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की या इतिहासाचा एक अस्सल दस्तऐवज माझ्या कपाटात आहे. दोनशे पानांची, लाल पुठ्ठ्याची वही. दुसरे असे, की त्या वहीच्या काळात एका शेतकऱ्याने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही.

१९९९ च्या मे महिन्यात गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाने एका लहानशा गाळ्यात व्हिडिओ गेमचे दुकान टाकले. दोन जुने टीव्ही, चार खुर्च्या, एक कूलर, आणि नागपूरहून आणलेले सेकंडहँड प्लेस्टेशन. मी बी.ए. होऊन बसलो होतो. कविता छापून येत होत्या, नोकरी येत नव्हती. भाऊ म्हणाला, "भाईजान, दुपारी तुम्ही बसत जा. कुणी किती वेळ खेळला तेवढं लिहायचं." म्हणून मी बसू लागलो. वहीत चार रकाने होते: नाव, वेळ, खेळ, पैसे. वहीच्या मागच्या पानांवर माझ्या कविता आणि पुढच्या पानांवर गावातल्या पोरांचा हिशेब, अशी ती वही भरत गेली.

त्याआधी आमच्याकडे होता तो 'टीव्ही गेम'. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही आला, त्यातल्या काही घरी तो टीव्हीमागोमाग आला. समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी त्यांची नावे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र काढले होते. आपल्याकडची बहुतेक यंत्रे ही त्याची नक्कल. वर खाचेत प्लास्टिकची चौकोनी डबी बसवायची, तिला आपण कॅसेट म्हणायचो. हातात धरायच्या खटक्यांना रिमोट म्हणायचो. एका कॅसेटवर हजारो खेळ असल्याचे छापलेले असे आणि प्रत्यक्षात तेच वीस-पंचवीस खेळ पुन्हा पुन्हा येत.

त्या कॅसेटींतही बर्फ होता. 'आइस क्लायम्बर' नावाच्या खेळात लोकरी कपड्यातला एक पोरगा हातोड्याने बर्फाचे छत फोडत वर चढायचा. 'अंटार्क्टिक ॲडव्हेंचर'मध्ये एक पेंग्विन बर्फावरून पळायचा आणि वाटेतले खड्डे चुकवायचा. दोन्ही खेळ फॅमिकॉमवर १९८५ साली आले होते. तो बर्फ म्हणजे निळ्या-पांढऱ्या चौकटी. पण पोरांना सांगावे लागत नसे, की हा बर्फ आहे. पाय घसरला, की समजायचे.

बर्फावरचा खेळ टीव्हीवर आणण्याची धडपड त्याहून जुनी. अमेरिकेत १९८० साली 'अटारी' यंत्रासाठी बॉब व्हाइटहेड यांनी 'स्कीइंग' नावाचा खेळ तयार केला. त्या यंत्राची चालू स्मरणशक्ती होती १२८ बाइट. म्हणजे इंग्रजीची सव्वाशे अक्षरे मावतील एवढी. पोस्टकार्डावर खुशालीच्या दोन ओळी लिहाव्यात, तेवढ्या जागेत त्या माणसाला खेळाडू कुठे आहे, कुठल्या फाटकातून गेला, झाडाला धडकला का आणि वेळ किती झाला, हे सारे लक्षात ठेवायचे होते. मला हे कळले तेव्हा त्या अनोळखी माणसाबद्दल आपुलकी वाटली. मोजक्या मात्रांत अर्थ बसवायची कसरत आम्हीही करतो.

पण स्की म्हणजे दोन पायांना दोन लांब पट्ट्या आणि हातात दोन काठ्या. स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी, दोन्ही पाय तिच्यावर जखडलेले, हात मोकळे. ही फळी आली कुठून? ही गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत मिशिगन राज्यात मस्किगन नावाचे गाव आहे. तिथे शर्मन पॉपेन नावाचे गृहस्थ राहत. १९६५ च्या नाताळच्या दिवशी, मुलींना घराबाहेर खेळायला काहीतरी द्यावे म्हणून, त्यांनी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यांची एक फळी केली. मुली तिच्यावर उभ्या राहून बर्फाच्या उतारावरून घसरू लागल्या. पॉपेन यांच्या मनात होती समुद्राची लाट. लाटेवर फळी घेऊन स्वार होतात तो सर्फिंगचा खेळ. त्यांच्या गावात सर्फिंगचा समुद्र नव्हता, बर्फ होता. बर्फाच्या टेकाडालाच त्यांनी लाट मानले. त्यांच्या पत्नीने 'स्नो' आणि 'सर्फ' हे दोन शब्द जोडून त्या फळीला नाव दिले: 'स्नर्फर'.

पुढच्या वर्षापासून ती फळी कारखान्यात तयार होऊ लागली आणि लाखोंनी खपली. १९७७ साली जेक बर्टन कारपेंटर या तरुणाने व्हरमाँट राज्यात तिच्यात सुधारणा करून स्नोबोर्ड विकायला सुरुवात केली. पण बर्फाच्या डोंगरांचे जे मालक होते, त्यांना ही फळीवाली पोरे नको होती. स्कीवाले म्हणजे सभ्य, फळीवाले म्हणजे उनाड. अनेक ठिकाणी स्नोबोर्डला चक्क बंदी होती. ती हळूहळू उठली. आणि १९९८ साली जपानमधल्या नागानो इथे भरलेल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंगला पहिल्यांदा स्थान मिळाले. ज्या खेळाला हाकलले होते, त्याला पदक लागले. पॉपेन आणि बर्टन हे दोघेही २०१९ साली, काही महिन्यांच्या अंतराने वारले.

त्याच नागानोत आपल्या देशाचा एकच खेळाडू होता. मनालीजवळचा शिवा केशवन, वय वर्षे सोळा. त्याचा खेळ ल्यूज, म्हणजे घसरगाडीवर उताणे पडून बर्फाच्या नळीतून सुसाट खाली येणे. आपल्या देशात तशी बर्फाची नळीच नव्हती. म्हणून शिवाने घसरगाडीला चाके लावली आणि हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, ट्रक-बशींच्या मधून सराव केला. १९९८ ते २०१८ अशी सहा ऑलिम्पिक तो खेळला. समुद्र नसलेल्या गावाने बर्फावर लाट शोधली, आणि बर्फाची नळी नसलेल्या मुलाने डांबरावर बर्फ शोधला. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो भंडाऱ्यापर्यंत येणार आहे.

नागानोचा सोहळा २२ फेब्रुवारीला संपला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला निन्टेन्डोने जपानमध्ये आपल्या 'निन्टेन्डो ६४' यंत्रासाठी '१०८० स्नोबोर्डिंग' हा खेळ बाजारात आणला. एक हजार ऐंशी म्हणजे अंश. एका गिरकीचे ३६० अंश, तीन गिरक्यांचे १०८०. हवेत उडून, खाली टेकण्याआधी स्वतःभोवती तीनदा फिरायचे. त्याच्या आधीच, १९९६ साली, सोनीच्या प्लेस्टेशनवर 'कूल बोर्डर्स' हा खेळ आला होता. दुसऱ्या वर्षी त्याचा दुसरा भाग आला. आमच्या दुकानात होता तो हाच दुसरा भाग. डिस्क अर्थातच नकली. तो काळ तसा होता आणि आमचे खिसेही तसेच होते. हे सांगताना अभिमान नाही, पण इतिहास सांगायचा म्हटल्यावर लपवणेही बरे नाही.

त्या काळातल्या यंत्रांवर स्नोबोर्डिंगचे इतके खेळ का निघाले, याचा मी दुकानात बसल्या बसल्या विचार करत असे. खेळ नीट पाहिला की कारण दिसते. प्लेस्टेशन आले १९९४ साली. खोली असलेले, म्हणजे पुढे-मागे जाता येईल असे चित्र ते काढू शकत होते, पण त्याची ताकद बेताची. बाजारपेठ दाखवायची तर शंभर दुकाने, हजार माणसे काढावी लागतात. बर्फाचा डोंगर दाखवायला पांढरा रंग पुरतो, मधूनमधून सुरूसारखी झाडे. दूरचे चित्र काढायला यंत्राला वेळ लागत असेल तर मध्ये धुके सोडायचे. डोंगरात धुके असायचेच, कुणाला संशय येत नाही. खेळाडूने एकाच दिशेने, खाली यायचे, त्यामुळे पुढचा रस्ता तेवढा तयार ठेवला की झाले. आणि माणसाची चाल हुबेहूब दाखवणे फार अवघड, पण इथे दोन्ही पाय फळीला बांधलेले. पावले उचलायची गरजच नाही. यंत्राच्या प्रत्येक उणिवेला डोंगराने जागा करून दिली होती.

आमच्या दुकानात त्या खेळाला कुणी स्नोबोर्डिंग म्हणत नसे. वहीच्या तिसऱ्या रकान्यात मी पोरांच्याच शब्दात लिहीत गेलो आहे: 'पाटवाला'. जेवायला बसायचा पाट असतो, तो पायाला बांधलेला. "भाई, पाटवाला लावा." तासाला दहा रुपये. मोटारींची शर्यत आणि मारामारीचे खेळ जास्त चालत, पण एप्रिल-मे लागला की पाटवाल्याला गर्दी होई. बाहेर रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटते आहे, आणि आत आठ-दहा पोरे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून बर्फ पाहत आहेत. खेळणारा एक, बघणारे नऊ. बघायचे पैसे नव्हते. एक बारका पोरगा तर नुसता बघायलाच यायचा. मी विचारले तर म्हणाला, "बघून थंड वाटते."

त्यांच्यात एक पोरगा होता, पवनीकडच्या एका खेड्यातला. शिकायला भंडाऱ्यात राहायचा. त्याचे नाव सांगत नाही. तो पाटवाल्यात असा काही तरबेज होता, की शहरातली पोरे त्याच्या हातात रिमोट देऊन आपण बघत बसत. खेळताना तो बोटांपेक्षा अंग जास्त हलवायचा. वळण आले की खुर्चीतल्या खुर्चीत कंबरेतून कलायचा. बाकीचे हसायचे. एकदा मी त्याला म्हटले, "अरे, अंग हलवून काय होतं? खटके तर बोटांनी दाबायचे." तो म्हणाला, "भाई, पायानं नाही होत, कंबरेनं होते. बांधीत फळीवर राह्यतो ना, तसंच."

ज्यांनी धानाची शेती पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. रोवणीच्या आधी बांधीत पाणी साठवून चिखलणी करतात. मग बैलांच्या मागे लाकडी फळी जोडून तो चिखल सारखा करतात. फळीवर वजन हवे, म्हणून तिच्यावर माणूस उभा राहतो. बैल चालू लागले की फळी चिखलावरून सरकते. पायाखाली पाणी, हातात कासरा. तोल गेला की माणूस चिखलात. वजन नसेल म्हणून आधी पोरांना उभे करतात आणि पोरांना त्यात मोठी मौज वाटते. त्या पोराने वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून ते केले होते. मिशिगनच्या त्या मुलींना बापाने फळी दिली नाताळात, याला बापाने दिली आषाढात.

मला तेव्हा पहिल्यांदा वाटले, की हा खेळ आमच्याकडे चुकून आलेला पाहुणा नव्हे. याची सोयरीक आधीपासूनच होती.

पण मघाशी म्हटले तो प्रश्न इथेच येतो. एका बाजाराच्या दिवशी त्या पोराचे वडील दुकानात आले. धोतराचा सोगा खोचलेला, खांद्यावर शेला. पोरगा शाळेत नाही, इथे आहे, हे कुणीतरी त्यांना सांगितले असणार. पोराने त्यांना पाहिले आणि रिमोट खाली ठेवून उभा राहिला. पडद्यावरचा माणूस झाडावर आदळून पडला होता. वडिलांनी त्याला मारले नाही. पडद्याकडे थोडा वेळ पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्यापुढच्या वहीकडे. म्हणाले, "तुमी त शिकले-सवरले दिसता. पोराइले काहून बिघडवता?"

मी काहीच बोललो नाही. वहीचे मागचे पान उघडे होते, तिथे अर्धी लिहिलेली कविता होती. मी वही मिटली. त्यांनी पोराचे राहिलेले पैसे विचारले. सहा रुपये होते. मी नको म्हटले. ते आणखी काही न बोलता पोराला घेऊन गेले. ते सहा रुपये वहीत अजून उधार आहेत.

त्या माणसाचे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. काही पोरे घरातून पैसे चोरून आणत, हे मला ठाऊक होते. काही जण शाळेचा गणवेश दप्तरात कोंबून येत. भावाने नंतर नियम केला, की शाळेच्या वेळेत दुकान बंद. धंद्याचा तोटा झाला, पण भावाने नियम मोडला नाही. तो नियम त्या शेतकऱ्याच्या एका वाक्याने केला, असे मी मानतो.

२००४ मध्ये भावाने कर्ज काढून प्लेस्टेशन २ आणले. जगभर १५ कोटींहून अधिक खपलेले हे यंत्र. २००० साली अमेरिकेत ते बाजारात आले त्याच दिवसांत त्याच्यावर 'एसएसएक्स' नावाचा स्नोबोर्डिंगचा खेळ निघाला होता. त्याचा तिसरा भाग २००३ सालचा. त्यात एक अख्खा पर्वत होता. तीन शिखरे, आणि सर्वांत वरच्या टोकावरून निघून कुठेही न थांबता थेट पायथ्यापर्यंत घसरत येता येई. त्याला सुमारे अर्धा तास लागायचा. आमचा दर होता तासाला वीस, अर्ध्या तासाला दहा. म्हणजे दहा रुपयांत एक पर्वत, असा तो हिशेब. पोरे चार-चार जण मिळून अडीच-अडीच रुपये काढत आणि पर्वत वाटून घेत. एक जण शिखरावरून निघे, मग रिमोट दुसऱ्याच्या हातात. वाटेत हिमकडा कोसळायचा, तेव्हा सगळे एकदम ओरडत.

आणि मग वीज जायची. २००५ नंतर आपल्याकडे भारनियमन किती वाढले होते, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पोरगा अर्ध्या पर्वतावर असे, आणि टीव्ही काळा पडे. कूलर थांबे. एका क्षणात हिमालयातून सारे भंडाऱ्याच्या उन्हात. जुन्या प्लेस्टेशनला एक मेमरी कार्ड लागे. काडेपेटीएवढे, पंधरा खाने असलेले, त्याची सगळी साठवण १२८ किलोबाइट. त्यात झालेला खेळ जपून ठेवता येई, पण तो ठेवण्याआधी वीज गेली की सगळी कमाई गेली. भाऊ अशा वेळी अर्धे पैसे परत द्यायचा. वहीत कित्येक ठिकाणी माझ्या अक्षरात शेरा आहे: 'लाइट गेली, ५ परत.' इन्व्हर्टर घ्यायचा विचार झाला. तेवढ्या पैशांत तो बसेना. कर्जाचे हप्ते, विजेचे बिल आणि बंद टीव्ही. २००८ मध्ये दुकान बंद झाले. भाऊ दुसऱ्या कामाला लागला. नुकसान किती झाले ते त्याने मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

२००८ हेच वर्ष मला आणखी एका कारणाने लक्षात राहिले आहे. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने त्या वर्षी ऑलिम्पिक विजेता शॉन व्हाइट याच्या नावाचा स्नोबोर्डिंगचा खेळ काढला. आणि त्याच वर्षी त्या कंपनीने पुण्यातला एक गेम स्टुडिओ आपल्याकडे घेतला. असले खेळ काढणारी कंपनी पुण्यात येऊन मराठी पोरांना नोकऱ्या देऊ लागली, तेव्हा असल्या खेळांपायी बदनाम झालेले आमचे भंडाऱ्यातले दुकान बंद पडत होते. यात कुणाचा दोष नाही. पण पुण्याच्या काचेच्या इमारतीत जे कौशल्य ठरते, ते भंडाऱ्याच्या गाळ्यात व्यसन का ठरते, हा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला.

खऱ्या बर्फाचेही दिवस बदलले. २०२० साली गुलमर्गला 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या, त्यात स्नोबोर्डिंग आहे. पुढे लेहच्या बर्फावर महाराष्ट्राच्या पोरापोरींनी स्केटिंगमध्ये पदकेही मिळवली. मुंबई-पुण्यात कुठला आला बर्फ? तीही पोरे आधी चाकांवर शिकतात, शिवासारखीच.

जुन्या खेळांचे काय झाले? अमेरिकेत जुन्या व्हिडिओ गेमचा इतिहास जपणारी एक संस्था आहे, व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन. तिने २०२३ साली एक पाहणी जाहीर केली. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ तेव्हा बाजारात कुठल्याही रूपात विकत मिळत नव्हते. यंत्रे बंद पडली, डिस्कवर ओरखडे आले, कंपन्या विकल्या गेल्या. चाळीस वर्षांचा हा इतिहास, आणि त्याची अवस्था पडक्या किल्ल्यासारखी. किल्ल्याची निदान भिंत तरी उभी राहते.

मागच्या उन्हाळ्यात मी माळ्यावरचे खोके उतरवले. प्लेस्टेशन निघाले. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. पुतण्याने कुठून तरी वायर आणून जोडली. टीव्ही नवा, त्याला जुने यंत्र ओळखेना. शेवटी शेजारच्या घरातून जुना टीव्ही आणला. दिवा लागला, ओळखीचा आवाज आला, पण डिस्क फिरून फिरून थांबली. बर्फ काही दिसला नाही. मग मी वही काढली. ती मात्र चालू झाली. पहिले पान उघडले आणि सारे आले. कोण, किती वाजता, काय खेळला, किती दिले.

या खेळांचा इतिहास लिहिणारे परदेशी लेखक कंपन्यांचा इतिहास लिहितात. कुठले यंत्र कधी निघाले, किती खपले. ते हवेच, मीही तेच वाचून तुम्हाला इतके सांगू शकलो. पण कारखान्यातून खेळ निघाल्याने तो अर्धाच होतो. उरलेला अर्धा तो कुणीतरी खेळल्यावर होतो. तो अर्धा इतिहास भंडाऱ्यात, तुमसरात, साकोलीत झाला आहे आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही. तो अशा उधारीच्या वह्यांत आहे, आणि वह्या रद्दीत जातात.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. "मोठे भाई, ओळखलं का? पाटवाला." तोच पोरगा. आता चाळिशीकडे झुकलेला. लडाखकडे रस्त्याच्या कामावर मोठी मशीन चालवतो, बर्फ हटवायची. मी विचारले, कसा आहे रे खरा बर्फ? तो म्हणाला, "भाई, पांढरा नसते. रस्त्याकडचा त पुरा काळा, मातीवानी. अन् आवाज राह्यते त्याले, पायाखाली." मग थोडा थांबून म्हणाला, "पन मशीन घसरली ना, त कंबरेनं समजते. पहिलेच समजते."

त्याचे वडील आता नाहीत. असते तर मी मुद्दाम त्यांच्या गावी गेलो असतो आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले असते. उत्तर फार मोठे नाही. मी म्हटले असते: काका, शाळा बुडाली हे वाईट झाले, त्यात माझाही दोष आहे. पण तुमचा पोरगा माझ्या दुकानात काही नवे शिकला नाही. तो तुमच्याच बांधीत शिकलेला होता. आम्ही फक्त ते त्याला पडद्यावर दाखवले आणि तासाचे दहा रुपये घेतले.

पॉपेनना समुद्र हवा होता, शिवाला बर्फ. भंडाऱ्याच्या पोरांना उन्हापासून अर्धा तास सुटका हवी होती. जवळ नसलेल्या गोष्टीसाठी माणूस हाताशी असलेल्या फळीवर उभा राहतो, तिथून खेळ सुरू होतो. मला वाटते, कवितेचेही असेच आहे.

तुमच्या माळ्यावर असे एखादे खोके असेल, तर ते भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. यंत्र चालले नाही तरी हरकत नाही. पण ते कुणी आणले, कुणी खेळले, कोण नुसते बघायला यायचे, तेवढे एका कागदावर लिहून ठेवा. माझ्या वहीत त्या बारक्या पोराचे नाव नाही, कारण बघायचे पैसे नव्हते. 'बघून थंड वाटते' म्हणणारा तो कोण होता, हे मला आता आठवत नाही. ते लिहून ठेवायला हवे होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)